आईचं बिझनेस क्लासचं तिकीट

पॉइंटांवर बिझनेस क्लासचं तिकीट खुशाल काढा, पण ते फुकट आहे हे आईला सांगू नका. मी सांगून बसलो होतो.

वालीवच्या कंपनीच्या कामासाठी मी सारखा जर्मनीला जायचो, त्याचे विमान कंपनीकडे पॉइंट साठले होते. ताई अमेरिकेत बाळंत झाली तेव्हा ते सगळे मोडून मी आईची आणि माझी जाण्या-येण्याची बिझनेस क्लासची तिकिटं काढली. विमानात आईने विचारलं, "किती पडले रे?"

मी ऐटीत म्हटलं, "एक पैसा नाही. फुकट."

झालं! हवाई सुंदरी जेवण घेऊन आली की आई हात जोडायची, "नको हो बाई, पोट भरलंय." वर मलाच दटावलं, "फुकटात आलोय ना आपण? आधी पैसे भरणाऱ्यांची पंगत उठू दे." मग पर्समधून बोळिंजच्या आमच्या वाडीतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, काढून दोन खाल्ली आणि अमेरिका येईपर्यंत गाढ झोपली.

परतीला मी शहाणा झालो. तिकीट पॉइंटांचंच होतं, पण सांगितलं, "आई, रोख दीड लाख मोजलेत."

मग काय विचारता! सूप झालं, मासे झाले, आइस्क्रीम दोनदा झालं, बटण दाबदाबून चहा मागवला. तिला खाताना बघत मीच समाधानाने झोपलो.

मुंबईला उतरलो तर आईचे डोळे लालभडक.

"पुढच्या वेळी फुकटचंच काढ रे बाबा," ती म्हणाली. "पैसे वसूल करता करता डोळ्याला डोळा लागला नाही."