आडवा फोटो, उभी फ्रेम

...नाही, पण तुम्हीच सांगा मले, चौतीस वर्ष रेल्वेच्या मालधक्क्यावर घालवलेल्या माणसाले एका कम्प्युटरनं दीड मिनिटात बिनकामाचा ठरवावं काय? साहेबानं ठरवलं असतं तं समजलो असतो, साहेबाचं कामच ते. पण घरच्या लॅपटॉपनं? आणि तेही बायकोसमोर?

झालं असं, की चार महिन्याआधी मी रिटायर झालो आणि मालधक्क्यावरच्या पोट्ट्यायनं मले फ्रेम दिली. सागवानी, वरती कमान, कमानीवर दोन मोर, खाली पितळेची पट्टी, पट्टीवर कोरलेलं ‘गुलाबराव आणि मायाबाई’. आतमधी फोटो नाही. म्हणे, "दादा, दोघायचा फोटो तुम्हीच टाका." आता फ्रेम उभी. आणि घरी आमच्या दोघायचे फोटो किती? एक. लग्नाचा अल्बम इथं रायपुरात, गुढ़ियारीच्या रेल्वे क्वार्टरात वाळवीनं खाल्ला, नवरदेवासकट. उरला तो एक, आणि तो आडवा. मधात स्कूटर.

स्कूटर काहून? अहो, तो फोटो आमचा नव्हताच, स्कूटरचा होता. नवी आणली, झेंडूचा हार घातला, माहे बाबा म्हणे फोटो काढा. माया मागच्या सीटवर, मोठ्या फुलायची साडी, दात दाखवून हासून राहिली. आणि मी समोरच्या चाकाच्याही पलीकडं, हात मागं बांधून, जसा स्कूटरवर पहारा देऊन राहिलो. बाबा समोर उभे असतानी बायकोपाशी कोण उभं राहीन? तुम्ही राहिले असते काय? अंगात पांढरा बुशशर्ट, मागं चुन्याची पांढरी भिंत.

कोणी म्हणन, फ्रेम आडवी टांगा ना मंग. टांगून पाहिली. मोर उताणे पडते. फोटो लहान छापला तं फ्रेमीच्या मधात रेल्वेच्या तिकिटाएवढा दिसते. आणि कैचीनं कापला तं एक तं नवरा राहते, नाही तं बायको.

आमची पोट्टी रुचिता, नव्या रायपुरात एका ऑफिसात डिझाइनचं काम करते. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, असं आमचं तीस वर्षापासून बराबर चालू आहे. म्हणे, "पापा, टेंशन मत लो, मैं कर देती हूँ." रविवारी लॅपटॉप घेऊन बसली. आधी फोटो नुसता बाजूनं दाबला. अरे बाप्पा, माया बांबूसारखी उंच आणि स्कूटरचे चाकं अंड्यासारखे. म्हटलं, हे काय? "ये तो सादा वाला है पापा, अब स्मार्ट वाला देखो. ये फोटो को समझता है. जो काम का है उसको रखेगा, जो काम का नहीं उसको निकालेगा."

कामाचं ठेवते, बिनकामाचं काढते. मी म्हटलं, वा, असा एखादा साहेब आम्हाले मालधक्क्यावर पाह्यजे होता.

तिनं फोटोची कड पकडली आणि आत लोटली... आणि तुम्हाले सांगतो, स्कूटर जशीच्या तशी. हारातलं फूल हाललं नाही. माया पुरी. कोपऱ्यात कोणाची तरी लोखंडी बालटी होती, ती बालटी पुरी, तिची कडी पुरी. आणि मी? एक खांदा गेला, पोट गेलं, हात तं आधीच मागं बांधलेले. उरली एक पट्टी. त्या पट्टीले मिशी होती म्हणून ओळखू आलो. म्हणजे बालटी कामाची, आणि मी...

"पापा, आपकी शर्ट प्लेन है ना, पीछे दीवार भी प्लेन. उसको लगा यहाँ कुछ है ही नहीं."

हासलो मी. हासावंच लागते. पण खरं सांगतो, लागलं मले. कारण रिटायर झाल्यापासून घरात हेच चालू आहे. साडेसातले आंघोळ करून, भांग पाडून तयार होतो, मंग आठवते की जायचं कुठंच नाही. स्वयंपाकघरात उभा राहिलो तं "बाजूले सरका." हॉलमधी बसलो तं "पाय वर घ्या." आता मशीनही तेच सांगून राहिली, कामाचं ठेवते, बिनकामाचं काढते.

माया भाजी निवडून राहिली होती. तिनं स्क्रीन पाहिली, मंग माह्या तोंडाकडं पाहिलं. "काहून वं रुचिता, तुह्या बापाले वाचवता नाही येत काय?"

"आता है ना मम्मी, जिसको बचाना है उस पर हरा रंग लगाते हैं."

"मंग लाव. मिशीपासून चपलीपर्यंत लाव."

लावला. पुन्हा लोटला फोटो. आणि आलो ना मी, पुरा, आमदारासारखा रुंद. मले इतकं बरं वाटलं की अर्धा मिनिट मी दुसरं काही पाहिलंच नाही. मंग पाहिलं. माया अर्धी. एक खांदा नाही, साडीवरचे फुलं एकमेकात घुसलेले, आणि ते हासणं दबून इतकंसं झालेलं. मले पुरा ठेवाचं म्हटलं तं कुठून तरी काढावंच लागन ना. तिच्यातून काढलं.

आणि हा फोटो मी ओळखला. माही नाइट ड्यूटी, तं दिवसा घरात आवाज नको, म्हणून तिनं रेडिओ बंद केला. बाबा खाटेवर पडले, तं तिची बालवाडीची नोकरी सुटली, आणि मी म्हटलं, बरं झालं, घरी कोणी पाह्यजेच. त्या स्कूटरवर ती दोन दिवस शिकली, तिसऱ्या दिवसापासून मीच घेऊन जात होतो. कामाचं ठेवलं, बिनकामाचं काढलं. आणि ठरवत कोण होतं? तवा तं मशीन नव्हती.

म्हटलं, दोघायलेही हिरवा लाव. लावला, तं स्कूटरची घडी झाली आणि माया हवेत बसली. रुचिता म्हणे, "पापा, जगह ही नहीं है, किसी एक में से तो लेना पड़ेगा."

"मंग मम्मीले लाव, तिच्या स्कूटरले लाव. माह्यावरचा हिरवा पुस."

"अहो, कायले," माया म्हणाली.

"तू भाजी निवड," मी म्हटलं, आणि माउस घेतला हातात. जिंदगीत पहिल्यांदा. रुचितानं दाखवलं तसं घासत घासत मीच मले पुसलं. मिशी तेवढी ठेवली, माणूस आहे शेवटी.

आता फ्रेम हॉलमधी आहे, उभी, मोर सरळ, माया पुरी, मी पट्टी. माया रोज झाडता झाडता तिथं थांबते, स्वतःकडं पाहते आणि पुढं जाते. परवा आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, बाबाराव आले, चहा पिता पिता फोटो पाहत राहिले, मंग हळूच विचारलं, "गुलाबराव, वहिनी किती छान दिसून राहिल्या. पण तुम्ही तवा बिमार होते काय?"

म्हटलं, "हव, होतो. आता बरं आहे."