सत्याऐंशीचा लावा

किर्गिझस्तानातल्या ओश शहरात, गाड्यांची वायरिंग करणाऱ्या मेलिस उस्ताच्या, म्हणजे कारागिराच्या, दुकानात मी बसलो होतो. हल्ली मला घरी जायची घाई नसते, म्हणून रांगेतला माझा नंबर मी एका म्हाताऱ्या जोडप्याला दिला.

“मास्तर, हे बटण कुणी वितळवलं?” उस्ताने म्हाताऱ्याला विचारलं.

“मीच. रेडिएटरचा पंखा मी स्वतः जोडला.”

“रिले न घालता?”

“दुकानदाराने दिला होता. मला वाटलं, उगाच गळ्यात मारतोय. परत करून आलो.”

“रिले असता तर भार त्याने घेतला असता. पंख्याचा सगळा करंट या एवढ्याशा बटणातून गेला, मास्तर. वितळेल नाहीतर काय होईल?”

“उस्ता, यांनी चाळीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंय,” म्हातारी म्हणाली.

“पुस्तकात पंखा नव्हता, जिपार.”

“आणि पंखा वेळेवर चालू कुणी करायचा?” उस्ताने विचारलं.

“मी.”

“खोटं. तापमानाच्या काट्यावर नजर मी ठेवायची, ओरडायचं मी, मग यांनी बटण दाबायचं.”

“म्हणूनच आलोय, उस्ता. उद्या हिला बिश्केकच्या इस्पितळात सोडायचंय. ती दोन महिने तिथेच राहणार. घाटातून परत मी एकटाच येणार.”

“मग रिलेबरोबर सेन्सरही लावतो. पंखा आपोआप चालू होईल. सत्याऐंशी डिग्रीचा आहे आणि ब्याण्णवचा आहे. कुठला लावू?”

“जिपार, तू कितीला ओरडतेस?”

“नव्वदला. तुम्ही ऐकेपर्यंत शंभर होतात.”

“सत्याऐंशीचा लावा, उस्ता. एकटा असलो की मी अजून उशिरा ऐकतो.”