यमुनेला पूर आहे

नको सिस्टर, ती उशीखालची चपाती राहू दे — काढलीत तर ओरडतात. सैन्याची आहे ती. बसा ना... तुम्ही मराठी निघालात, बरं झालं. नेहमीची सिस्टर केरळची, तिला यमुनेचा पूर कुठं समजावत बसणार? हे बापू, माझे सासरे — बत्तीस वर्षं साताऱ्याला इतिहास शिकवला. पानिपत असं शिकवायचे की पोरं मधली सुट्टी विसरायची. सासूबाई गेल्या, बापूंना विसर पडायला लागला, म्हणून गेल्या वर्षी इथं आखातात, अल ऐनला आणलं. आणि दुसऱ्या दिवसापासून एकच — घरी कधी जायचं? सकाळी बूट घालून दाराशी. चारुदत्तला, माझ्या मिस्टरांना, लीव्ह मिळेना, लेकीची, अंतराची एक्झाम — मग मीच एकदा म्हटलं, बापू, यमुनेला पूर आहे, उतार मिळत नाहीये. तर काय, लगेच बूट काढले की! म्हणाले, बरोबर, पानिपतच्या वाटेवर भाऊंनाही थांबावं लागलं होतं. खलास, औषधच सापडलं आम्हाला. वर्षभर पूर. अंतरासुद्धा सांगायची — आजोबा, स्टिल फ्लड. हसायचो हो आम्ही.

गेल्या सोमवारी तेच सांगितलं, तर म्हणाले, पूर ओसरला, सूनबाई, अब्दाली बागपतला नदी उतरलासुद्धा, आता आपली वाट तुटली. तेव्हापासून बूट मागत नाहीत — पण जेवतही नाहीत. रसद संपली म्हणतात, एवढी माणसं उपाशी, मी आधी कसा जेवू? पुढचं सगळं पाठ आहे ना त्यांना, सिस्टर. मी म्हटलं, पुण्याहून रसद आली — छे, ऐकतच नाहीत. खोटं मीच सुरू केलं, आता मलाच आवरत नाहीये.

डॉक्टर म्हणतात, गावी न्या, ओळखीच्या घरात जेवतील, इन्शाल्ला. कुठलं घर? ते तर आम्ही मे महिन्यातच — म्हणजे खरेदीखतावर सही त्यांचीच आहे हो, पेन्शनचा कागद म्हणून घेतली... हे चारुदत्तपुढं काढू नका हां. काल मला विचारलं त्यांनी, वर्गात विचारायचे तसं, अगदी स्पष्ट — "सूनबाई, वेळ होती तेव्हा आपल्याला या काठावर कुणी थांबवलं?"

मी ताट उचललं आणि आत गेले.

असं बघू नका माझ्याकडे. शीर सापडली ना? मग लावा ते सलाईन, आणि निघा तुम्ही.