सासूबाईंच्या कठड्यावरची गिधाडे

मी, गल्लीत ‘टेलरबाई’ म्हणून ओळखली जाणारी, वय ५१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार बाजारामागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर, समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की,

वरील ठिकाणी मी, माझे पती व सासूबाई, वय ८६, असे राहतो. पती बसडेपोत कामाला आहेत. सासूबाई पडल्यापासून अंथरुणाला खिळून होत्या. डॉक्टरांनी ऊन द्यायला सांगितल्याने आम्ही सकाळी त्यांना गच्चीवर खाटेवर ठेवून कामावर जात असू.

या भागातून नाहीशी झालेली गिधाडे परत यावीत म्हणून सरकारने वन खात्यामार्फत टेकडीवर काही गिधाडे सोडली. पैकी चार आमच्या कठड्यावर येऊन सासूबाईंकडे बघत बसू लागली. शेजारचे लोक सांत्वनाला येऊन गेले.

मी वन खात्यात अर्ज केला. तेथील साहेब म्हणाले, “बाई, जिवंत माणसाला ती काही करत नाहीत. आजींना अधूनमधून हातपाय हलवायला सांगा, म्हणजे पक्ष्यांचा गैरसमज होणार नाही.”

हे ऐकून सासूबाई उठून बसल्या. पुढे काठी घेऊन कठड्यापर्यंत चालू लागल्या. त्या गिधाडांना नावे ठेवत. आधी शिव्या दिल्या, मग खरोखरच नावे ठेवली. एकाचे नाव माझ्या पतीचे आहे.

काल दुपारी माझ्या अर्जावरून वनरक्षक जाळे घेऊन गिधाडे हलवायला आले. आम्ही दोघे घरी थांबलो होतो. सासूबाईंनी गच्चीच्या बाजूने दाराला कडी घातली. वनरक्षक म्हणाले, “आजी, सरकारी काम आहे.” त्या म्हणाल्या, “हात तर लावून बघ!”

मी म्हणाले, “अहो आई, ती तुमच्या मरणाची वाट बघताहेत.”

त्या म्हणाल्या, “बघू देत. दिवसभर माझी वाट बघणारं दुसरं आहे कोण?”

हे ऐकून पती जिन्यात खाली बसले. वनरक्षक गेल्यावर सासूबाईंनी दार उघडले.

सरकारी कामात अडथळा आणल्याची तक्रार आली आहे असे समजले. तरी कडी मी घातली असे लिहून घ्यावे. कडी गच्चीच्या बाजूने होती व मी जिन्यात होते, हे मला मान्य आहे.

माझा अर्ज मी मागे घेते. काल संध्याकाळी आम्ही दोघे खुर्च्या घेऊन गच्चीवर बसलो. गिधाडे बराच वेळ आमच्याकडेही बघत होती. त्याबद्दल तक्रार नाही.

हवालदारांनी जबाब मोठ्याने वाचला, कडीचा मजकूर दोनदा. दोन्ही वेळा तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे, म्हणून सही करते.