बारावा कण

रेवसच्या धक्क्यावर बैलगाडीची वाट बघताना येसूबाई कान देत नव्हती. शेजारचं बोलणंच येऊन तिच्या कानात बसलं. भावांकडं कायमची राहायला निघालेली गोदूआत्या कॉलेजातल्या भाच्याला विचारत होती.

“मोरू, त्या बोरॉनच्या गाभ्यात अकरा कण कोंबलेले?”

“होय आत्या. बाहेरून बारावा आदळला की गाभा फुटतो. पण कण सुटे उधळत न्हाईत, चार-चारांचे तीन गोळे निघतात.”

“अगदी आपलं घर! तीन भाऊ, तुझ्यासकट माणसं अकरा. दोघांकडं चार-चार.”

“काळूकाकाकडं तिघंच.”

“म्हंजे चौथी मी! मला कोण ठेवून घेईल, याचाच घोर होता बघ.”

“पण आत्या, घर फुटलंय कुठं?”

“अरे, मी अजून पोचलेय कुठं?”