'त'चा 'द' आणि बारा पित्झा

भाषा शिकवणारे लोक सरळ सरळ फसवतात! पुण्यात दोन वर्षं घोकून मी शिकलो ते निव्वळ पुस्तकातलं इटालियन. इथे आखातात, अल रय्यानच्या ऑफिसात नेपल्सचे साल्वातोरे नवे मॅनेजर म्हणून आले. मला त्यांच्या टीममध्ये जायचंच होतं, म्हणून शुक्रवारी त्यांना घरी जेवायला बोलावलं.

सकाळी त्यांचा फोन आला. "पित्झा मी आणतो. क्वांद?"

'क्वान्दो' म्हणजे 'कधी'. मी ऐटीत म्हणालो, "दोदिची!" म्हणजे बारा.

पलीकडून आश्चर्याने, "दोदिची?" मग, "बरं."

साहेब उगवले एक वाजता, बारा पित्झा घेऊन. जेवायला माझा रूममेट धरून आम्ही तिघं!

"तुम्ही 'कधी' विचारलंत ना?"

"मी 'क्वान्ते' विचारलं, किती! आमच्याकडे 'न'पुढच्या 'त'चा 'द' होतो आणि शेवटचा स्वर आम्ही गिळतो." ते पोट धरून हसले. "रविवारपासून माझ्या टीममध्ये ये. तुझे कान तयार करू."

माझा लातूरचा रूममेट बालाजी खोकी ओट्यावर रचत मराठीत पुटपुटला, "मी 'पानी' म्हनलो की लगेच दुरुस्त करतूस. आता कर की तुझ्या साहेबाला!"