कुल्फीवाला मधे आला

यार, आईबाबांचा तो फोटो आहे ना, त्याचं सगळं श्रेय माझ्या जुन्या कॅमेऱ्याला! रोल घालायचा, पण फोकस स्वतःच करणारा.

आईबाबा साताऱ्याहून चंडीगडला आले तेव्हा सेक्टर सतराच्या बाजारात मी धडाधड फोटो काढले. बटण दाबलं की आतली मोटर घुर्र करून रोल पुढे सरकवायची, मी नुसता नाचत होतो! रोल धुऊन आला, तर प्रत्येक फोटोत आईबाबा धूसर आणि मागचा कुल्फीवाला लख्ख, मिशीच्या केसांसकट!

हा कॅमेरा मधोमध दिसेल त्यावरच फोकस धरतो, आणि हे दोघं चारचौघांत कायम हातभर अंतर ठेवून उभे! बटण अर्धं दाबून आधी एकावर फोकस धरता येतो, पण ते मी त्यांना सांगितलंच नाही. नवा रोल घालून पुन्हा तिथेच नेलं.

"बाबा, जवळ या ना. नाहीतर परत कुल्फीवालाच येईल."

"लोक बघतायत," आई पुटपुटली.

बाबांनी सरळ तिच्या खांद्यावर हात टाकला. "सरक गं इकडे! बेचाळीस वर्षांत आपल्या मधे कुणी आलं नाही, आता हा कुल्फीवाला कोण लागून गेला?"